प्रश्न फक्त गरिबीचा नाही



अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची जड वीजबिले म्हणजे निव्वळ गरिबी, वंशाचा संबंध नाही, हे आपल्या अंकातील लेखकाचे म्हणणे टिकत नाही. बर्कली विद्यापीठातील २०२० च्या अभ्यासात उत्पन्न, कुटुंबाचा आकार आणि शहर सारखे धरूनही कृष्णवर्णीय भाडेकरूंचा ऊर्जाखर्च गोऱ्यांपेक्षा वर्षाला २७३ डॉलरनी जास्त निघाला. स्वतःच्या घरात राहणाऱ्या कृष्णवर्णीयांचा ४०८ डॉलरनी.

आणि लेखक म्हणतात ती ‘उधळपट्टी’ कसली? १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीय वस्त्या कर्जासाठी धोक्याच्या ठरवून लाल रंगवल्या गेल्या. तिथे कर्ज मिळेना, घरांची डागडुजी रखडली. अशा घरांच्या जुन्या फटींतून ऊब निसटते, बिल वाढते. बिल भाडेकरू भरतो, फटी बुजवायच्या की नाही हे मालक ठरवतो. (लेखात भाडेकरू हा शब्दच नाही!)

गरीब गोऱ्यांनाही बिले जड जातात, हे मान्य. पण तेवढेच.

– एक वाचक, नाशिक