तान्ह्याला उताणेच निजवावे

तान्ह्या बाळाला उताणे निजवू नये, कारण दुधाची उलटी झाली तर ती श्वासात अडकून बाळ गुदमरते, असा पूर्वपक्ष सेनगाव तालुक्यातच काय, अवघ्या मराठवाड्यात घरोघरी ऐकू येतो. आणि तो मांडणारी आजी बाळाच्या काळजीपोटीच बोलत असल्यामुळे त्याचा विचार आदराने, पण कसून केला पाहिजे. मानवी गळ्याची रचना नेमकी उलट साक्ष देते. श्वासनलिका, म्हणजे फुप्फुसांकडे हवा नेणारी नळी, अन्ननलिकेच्या पुढच्या अंगाला असते. म्हणून बाळ उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली राहते, पोटातून परतलेले दूध खालच्या बाजूलाच थांबते, आणि बाळ ते गिळते किंवा खोकून बाहेर टाकते. पालथ्या बाळात हा क्रम उलटतो आणि वर आलेले दूध आपल्याच भाराने श्वासनलिकेच्या तोंडाशी उतरते. कुशीवर निजवण्याचा मधला मार्गही टिकत नाही, कारण कुशीवरचे बाळ सहज पालथे होते.

उताणे निजवण्याचा सल्ला परक्यांचा आहे म्हणून तो नको, असेही म्हटले जाते. वस्तुस्थिती अशी की विसाव्या शतकात पालथे निजवण्याचा मोठा प्रचार पाश्चात्त्य देशांनीच केला. अमेरिकेतील डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनावरील गाजलेल्या पुस्तकाने कित्येक वर्षे हीच शिफारस केली, आणि तिच्यामागे उलटीने गुदमरण्याचीच भीती होती, म्हणजे सेनगावच्या आजीची आणि या डॉक्टरांची चूक एकच होती. ज्याला ‘अचानक अर्भकमृत्यू’ म्हणतात, म्हणजे वर्षाच्या आतले धडधाकट दिसणारे बाळ झोपेत दगावते आणि शवविच्छेदन व जागेची पाहणी करूनही कारण सापडत नाही, असे मृत्यू नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात पालथ्या झोपेची शिफारस सुरू झाल्यावर वाढले आणि १९८० च्या दशकाअखेर ती शिफारस फिरवल्यावर उतरले. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने १९९२ साली आपला सल्ला बदलला, १९९४ मध्ये त्यासाठी देशव्यापी मोहीम सुरू झाली, आणि पुढच्या दशकभरात तेथील असे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. ‘आमच्याकडे असे कधी झालेच नाही’ हे उत्तर येथे पुरत नाही, कारण खेड्यात दगावलेल्या तान्ह्याचे शवविच्छेदन क्वचितच होते, आणि जे तपासलेच नाही ते घडलेच नाही असे म्हणता येत नाही.

मात्र खंडनाच्या भरात आईची कूसही नाकारणे चुकीचे ठरेल. बाळाला वेगळ्या खोलीत निजवावे असे कोणी शहाणा सांगत नाही. निदान पहिले सहा महिने बाळ आईच्याच खोलीत असावे, असे अमेरिकेची अकादमीही म्हणते, जरी एका अंथरुणाला तिची संमती नाही. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत बाळ आईजवळ निजण्याची रीत सर्रास असूनही तेथे असे मृत्यू गोऱ्या ब्रिटिश कुटुंबांपेक्षा कमी आढळले, आणि अभ्यासकांनी त्याचा संबंध त्या आयांमधील धूम्रपानाच्या व मद्याच्या अभावाशी, स्तनपानाशी व बाळाला एकटे न ठेवण्याशी जोडला. तेव्हा ज्या घरात एकच खोली आणि एकच गोधडी आहे तेथे रीत मोडण्यापेक्षा तिच्या अटी पाळणे शहाणपणाचे आहे: अंथरुणात विडी ओढणारा किंवा दारू प्यालेला माणूस नसावा, बाळाशेजारी थोरले भावंड नसावे, आणि बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असेल तर त्याची शेज आईच्या हाताच्या अंतरावर, पण वेगळी असावी. डोके गोल व्हावे म्हणून दिली जाणारी मोहरीची उशी काढून टाकावी. डोक्याचा आकार बाळ जागे असताना, कोणाच्या देखत, पालथे खेळवल्याने सुधारतो. थंडीतल्या नवजाताला टोपडे लागते हे खरे, पण मराठवाड्याच्या वैशाखात टोपडे, दुपटे आणि वर वाकळ यांखाली बाळ तापते, आणि अति उबेने झोपेतील मृत्यूचा धोका वाढतो हे ज्ञात आहे. बंद खोलीतल्या शेक-शेगडीचा विषारी वायू तर बाळंतिणीलाही सोडत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न शेतातल्या झोक्याचा आहे. सोयाबीनच्या काढणीला किंवा हळदीच्या खुरपणीला गेलेली बाई लिंबाच्या फांदीला साडी बांधते, कारण खाली मुंग्या आणि विंचू असतात. तिचे हे कारण खोटे नाही. परंतु साडीच्या झोळात बाळाची पाठ धनुष्यासारखी वाकते, जड डोके पुढे येऊन हनुवटी छातीला टेकते, मऊ श्वासमार्ग चिमटतो, आणि मान उचलण्याचे बळ नसलेले बाळ तो मोकळा करू शकत नाही. दोन्ही काठ मिटले तर बाहेरून काही दिसतही नाही. झोक्यात शांत झालेले बाळ सुंभ आवळून ताणलेल्या बाजेवर मच्छरदाणीखाली उताणे ठेवता येते, पण त्यासाठी बाज शेतात आणणारे आणि बाळाकडे पाहणारे कोणीतरी हवे. ते कोणी नसले की काय होते, हे मुंबईच्या गिरण्यांनी पूर्वी दाखवले आहे: कामावर जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची ‘बाळागोळी’ देऊन निजवत, आणि १९२० च्या दशकातील सरकारी अहवालांत त्याची नोंद आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामावर सहा वर्षांखालील पाच मुले आली तर त्यांच्याकडे पाहण्यासाठी एक मजूर बाई नेमण्याची तरतूद केली. खासगी शेताच्या बांधावर ती लागू नव्हती. २०२२ पासून मिशन शक्तीत आलेली पाळणा योजना अंगणवाडीला पाळणाघर जोडते, पण ते सहा महिन्यांपुढच्या मुलांसाठी. आणि झोपेतील अचानक मृत्यूचा धोका सर्वाधिक असतो दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात. आशाताईंच्या नवजात भेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात आणि पुढची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्यात येते. त्या दोन्ही भेटींत वजनकाट्याबरोबर बाळाची शेजही पाहिली जावी, उशी आणि झोका समक्ष दाखवून बोलले जावे, आणि पाळणाघराचे वय सहा महिन्यांवरून खाली आणावे, ही मागणी सेनगावच्या ग्रामसभांतून ठरावाने पुढे गेली पाहिजे.