‘क्ष’ची किंमत

सहावी-सातवीच्या वर्गांत बीजगणित बहुधा पाठांतर म्हणून शिकवले जाते. ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हे मुलाला सांगतात. का बदलते, ते सांगत नाहीत. वस्तुतः समीकरण हा तराजू आहे. दोन्ही पारड्यांवर सारखीच क्रिया केली, तर तोल ढळत नाही. ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचणारे भास्कराचार्य अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितके असेल तितके’, म्हणत.

बीडच्या ऊसतोड मजुराच्या घरात ही अज्ञात राशी नित्याचीच असते. उचल ४०,००० रुपये आणि टनाचा दर ४०० रुपये मानला, तर ४००क्ष = ४०,०००; म्हणजे १०० टन तोडल्यावर उचल फिटते. हे मांडता येणाऱ्या मुलाच्या आईबापांना केवळ मुकादमाच्या वहीवर विसंबावे लागणार नाही.

परंतु नेमके हेच मूल हंगामात त्यांच्यामागून फडावर जाते आणि इकडे समीकरणाचा धडा शिकवून संपतो. २००९ च्या कायद्याने चौदा वर्षांपर्यंत शिक्षणाचा हक्क दिला. तो फडापर्यंत पोहोचलेला नाही. हंगामी वसतिगृहात गणिताचा शिक्षक हवा, ही मागणी कार्यकर्त्यांनी दरवाढीइतक्याच आग्रहाने लढवली पाहिजे.