हात वाढले, वेळ घटला का?

दिवाळीत घरी रव्याचे लाडू करताना एक गंमत पाहिलीत का? रवा आई एकटीच भाजते. कढईभोवती चौघं उभे राहिले म्हणून तो लवकर भाजत नाही! वळायला मात्र जितके हात, तितकं काम झटपट.

समजा, भाजायला २० मिनिटं लागतात आणि एकट्याने वळायला ४०. एकूण ६०. चौघं वळायला बसले, तर २० अधिक १०, म्हणजे ३० मिनिटं. माणसं चौपट, वेळ मात्र निम्माच! शंभर जण बसले तरी २० मिनिटांच्या आत लाडू तयार होणार नाहीत. जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली संगणकांबद्दल हेच सांगितलं होतं.

आता हवामानाचा अंदाज घ्या. वादळ येऊन गेल्यावर अंदाज हाती आला, तर कोळीदादांना त्याचा काय उपयोग? इंग्रज शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन यांनी फक्त सहा तासांचा अंदाज हाताने मांडला. त्याला सुमारे सहा आठवडे लागले, आणि तो चुकलाही! १९२२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी एक कल्पना मांडली : मोठ्या सभागृहात ६४,००० माणसं बसवायची. प्रत्येकाने पृथ्वीच्या आपापल्या तुकड्याचं गणित करायचं आणि उत्तर शेजाऱ्यांना दिसेल असं लावायचं.

आज हेच काम संगणक एकमेकांत वाटून करतात. खऱ्या वादळाची ही आकड्यांतली नक्कल, म्हणजे सिम्युलेशन. त्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०२४ पासून ‘अर्का’ हा महासंगणक आहे. ज्यांच्याकडे असा महासंगणक नाही, ते इंटरनेटवरून दूरचे संगणक तासाच्या भाड्याने घेतात. त्याला म्हणतात ‘क्लाउड’, म्हणजे ढग. ढगांचा अंदाज ढगातच, नाही का!

पण भाडं भरण्याआधी या संगणकांची परीक्षा घ्यायला हवी. ती अगदी सोपी आहे बरं का! तेच गणित आधी १, मग २, ४, ८ संगणकांवर चालवायचं आणि वेळ लिहायचा. आठ संगणकांना वेळ एक-अष्टमांश लागला, तर पैकीच्या पैकी गुण. निम्माच झाला, तर भाडं मात्र चौपट! मग वेळ गेला कुठे? बहुतेकदा शेजाऱ्याच्या उत्तराची वाट पाहण्यात. संगणकांना जोडणारं जाळं संथ असेल, तर वेगवान संगणकही नुसते ताटकळतात. भाड्याच्या जागी गर्दी कमीजास्त असते, म्हणून वेळही पुन्हा पुन्हा मोजायचा.

क्लाउडवर मोठी कामं होतच नाहीत, असं मात्र समजू नका. नोव्हेंबर २०२३ च्या जगातल्या महासंगणकांच्या यादीत ‘ईगल’ हा क्लाउडमधला संगणक तिसरा आला. पण तो क्रमांक समीकरणं सोडवण्याच्या एका ठरावीक परीक्षेचा. धावण्यात पहिला आलेला कबड्डीतही पहिला येईलच असं नाही. आपल्याला जे काम करायचं, त्याचीच परीक्षा घ्यावी.

आता तुम्हीच करून पाहा. ४८ संख्यांची बेरीज एकट्याने करा. मग दर वेळी नव्या संख्या घेऊन दोघांनी आणि चौघांनी वाटून करा. घड्याळ आईबाबांच्या हाती द्या. चौघांनी चौपट लवकर केली का? नसेल, तर वेळ कुठे गेला तेही शोधा!