रिंगरोड बांधाला लागला. जमिनीचा झोन पाहिलात का?

पुण्याच्या रिंगरोडची मोजणी आली, की गावात दोन प्रश्न हमखास निघतात: भरपाई किती आणि उरलेल्या जमिनीला भाव काय येणार? त्या जमिनीत पुढे काय करता येणार, हा तिसरा प्रश्न मागे राहतो.

रिंगरोडचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. पुणे महानगर क्षेत्राच्या नियोजनासाठी 2015 मध्ये पीएमआरडीएची स्थापना झाली. रस्त्याची आखणी आधी पक्की झाली आणि वस्ती, गोदामे, शेती कुठे हे ठरायला उशीर झाला, तर मधल्या काळात गुंठ्यागुंठ्याने जमिनीचे तुकडे पडतात.

शिवाय हा रस्ता प्रवेश-नियंत्रित आहे. तो बांधाला लागला म्हणून शेतातून त्यावर चढता येत नाही. चढ-उतार ठरावीक इंटरचेंजवरच. त्यामुळे बांधकामाची खरी गरज इंटरचेंजजवळ आहे. तिथेच वाढीला जागा, पाणी आणि सांडपाण्याची सोय दिली, तर बाकीच्या पट्ट्यात शहराला भाजीपाला, फुले, दूध पुरवणारी शेती टिकू शकते.

हा घोळ बागायतदाराला जास्त महाग पडतो. पुरंदरच्या सीताफळाचेच पाहा. नवी बाग उत्पन्नावर यायला तीन-चार वर्षे लागतात. जमिनीचे भवितव्य कळत नसेल, तर शेतकरी लागवड लांबवतो, जुने ठिबक बदलत नाही, शेणखतही टाकत नाही. जमीन विकण्याआधीच शेती थांबते.

म्हणून आत्ताच हे करा:

• विक्रीचा किंवा नव्या बागेचा निर्णय घेण्यापूर्वी गट नंबरचा झोन दाखला काढा. एजंटच्या नकाशावर विसंबू नका.
• ई-पीक पाहणीत पीक, झाडे आणि विहीर नोंदवा. 2013 च्या भूसंपादन कायद्यात उभे पीक, झाडे आणि शेताचे दोन भाग झाल्याने होणारे नुकसान भरपाईत धरण्याची तरतूद आहे.
• ओढे, पाइपलाइन आणि ट्रॅक्टरची वाट नकाशावर दाखवून मोरी व भुयारी मार्गाची लेखी मागणी करा. भराव्यामुळे पाणी तुंबले, तर काळी जमीन चिबड होते.
• विकास आराखड्यावरील हरकती मुदतीत द्या. एकेकट्याने देण्याबरोबरच ग्रामसभेचा ठरावही जोडा.

सहायक कृषी अधिकाऱ्यांनी गावबैठकीत पीक सल्ल्यासोबत रस्त्याचा आणि झोनचा नकाशाही शेजारी-शेजारी मांडावा. पाच वर्षांचे पीक नियोजन आता त्याशिवाय पूर्ण होत नाही.