आपलं दुःख, दुसऱ्याच्या नावाने

भात झोडून झालं, नागली-वरई घरात आली की हरसूल पट्ट्यातल्या पाड्यांवर दारांना कुलपं लागायला सुरुवात होते. कुणी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणी-काढणीला जातं, कुणी जवळची सीमा ओलांडून गुजरातेत. मागे राहतात म्हातारी माणसं आणि वसतिगृहातली कॉलेजची पोरं. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या याच मुलखात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण होते. त्यात कुणाच्या घरी दारू असते, कुणावर उचल फेडायचं ओझं, कुणाचं लग्न परीक्षेच्या तोंडावर ठरवलेलं. आणि आपण म्हणतो, ‘काय नाय रे, थोडं टेन्शन आहे.’

यावर ठरलेला सल्ला मिळतो : मन मोकळं कर. पण कुणाकडे? लहान गावात सांगितलेली गोष्ट पुढच्या बाजारापर्यंत चार पाड्यांवर पोचलेली असते. स्टेटस टाकावा तर स्क्रीनशॉट फिरतो. डायरी लिहावी तर एका खोलीत पाच-सहा जण, डायरी लपवायची कुठे?

यावर एक साधा मार्ग आहे. आपलं दुःख लिहायचं, पण आपल्या नावाने नाही. त्याची गोष्ट करायची. दोन पानांची, काल्पनिक.

दुःख कागदावर उतरवण्याचा अभ्यास मानसशास्त्रात बराच झाला आहे. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत वाईट प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. लिहून झाल्या झाल्या मुलं जास्तच उदास झाली. पण घटना आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिणारे विद्यार्थी पुढच्या सहा महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यात इतरांपेक्षा कमी गेले.

आपल्या कामाचा प्रयोग त्याच्या पुढचा आहे. १९९६ मध्ये मेलनी ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी, आयुष्यात मोठा आघात सोसलेल्या विद्यार्थिनींचे तीन गट केले. एका गटाने स्वतःचा आघात लिहिला, दुसऱ्याने आपल्यावर न आलेला, कल्पनेतला आघात लिहिला आणि तिसऱ्याने किरकोळ विषयांवर लिहिलं. महिनाभरानंतर पाहिलं, तर पहिल्या दोन्ही गटांतल्या मुली तिसऱ्या गटापेक्षा आजारपणासाठी डॉक्टरकडे कमी गेल्या होत्या. शिवाय लिहून उठताना कल्पनेतलं लिहिणाऱ्या मुली, स्वतःचं लिहिणाऱ्यांपेक्षा कमी खिन्न होत्या. एवढ्यावरून रामबाण औषध सापडलं असं म्हणता येत नाही. पण कल्पनेतलं लिहिणं म्हणजे पळवाट नव्हे, एवढं तरी यातून दिसतं.

असं का होत असेल? आपल्याला वाटतं ते असं. घडलेल्या प्रसंगात आपल्या हातात काहीच नव्हतं. मुकादम ओरडला, आपण गप्प बसलो. गोष्टीत मात्र कोण बोलणार, कोण गप्प बसणार, दार कधी उघडणार, हे आपण ठरवतो. दुःख तेच असतं, पण लगाम आपल्या हातात येतो.

याचं मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. बाबूराव बागूल यांचा जन्म १९३० चा, नाशिकजवळच्या विहितगावचा. सुरतेला रेल्वेत नोकरी करताना, खोली मिळावी म्हणून त्यांना जात लपवावी लागली. तो अपमान सहन होईना, तेव्हा नोकरी सोडून ते परतले. हा अनुभव पुढे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत आला. त्याच नावाचा त्यांचा कथासंग्रह १९६३ मध्ये निघाला आणि मराठी कथेला हादरा बसला. या कथेत जात लपवणारा नायक आहे, आणि त्याच्या शेजारी काशिनाथ आहे, जो काहीच लपवत नाही, थेट भिडतो. आत दाबलेला संताप गोष्टीत स्वतंत्र माणूस बनून उभा राहावा, तसा. बागुलांनी बरं वाटावं म्हणून लिहिलं असं नाही. पण त्या कथेने लाजेचा पत्ता बदलला. लाज खोली मागणाऱ्याची राहिली नाही, ती जात विचारणाऱ्याची झाली. जखम भरून येण्याची सुरुवात बहुतेक अशीच होत असावी.

आणखी एक गोष्ट. आदिवासी, ग्रामीण मुलांनी लिहायचं म्हटलं की बाहेरचे लोक हमखास आत्मकथन मागतात. ‘तुमचा संघर्ष सांगा ना!’ जणू कल्पनेवर हक्क फक्त शहरातल्या मुलांचा. अरे, पितळी थाळीत मेणाने काडी उभी करायची, तिच्यावरून बोटं फिरवायची आणि त्या नादावर कणसरीची कथा रात्र रात्र सांगायची, हे कोकणा समाजातल्या जाणत्यांनी पिढ्यान् पिढ्या केलंय. कल्पना आपल्याला नवी नाही, ती उसनी आणायचीही गरज नाही.

मग लिहायचं कसं? चार दिवस, रोज वीस मिनिटं. नाव बदला, गाव बदला, वय बदला. मुलगा असाल तर मुलीच्या जागी उभे राहून पाहा. समजा, बाप उचल घेऊन गेला आणि दिवाळीला आला नाही. तर गोष्टीतला पोरगा नऊ वर्षांचा करा, आणि तुम्ही कधीच न विचारलेला प्रश्न त्याला विचारू द्या. किंवा विहिरीच्या तळाला खरवडणारा हंडाच बोलू लागला तर? बोली आपलीच ठेवा. शुद्धलेखनाचं नंतर बघू. शेवट गोड करायची सक्ती नाही, पण प्रत्यक्षात न घडलेली एक तरी गोष्ट त्यात घडू द्या. कुणाला दाखवायचं की फाडून टाकायचं, हेही तुम्हीच ठरवा.

मात्र लिहिताना जीव घाबरा होत असेल, तर थांबा. दुसरा विषय घ्या. झोप उडाली असेल, जगू नये असं वाटत असेल, तर वही पुरेशी नाही. विश्वासातल्या माणसाला गाठा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. गोष्टीने उचल फिटत नाही, मजुरी वाढत नाही, हेही खरं. त्यासाठी वेगळं भांडावंच लागेल. पण भांडायला उभं राहणारा माणूस आतून मोडलेला नसावा.

हरसूल, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या कॉलेजांकडे आमचं एकच मागणं आहे. वार्षिक अंकात ‘माझे आवडते व्यक्तिमत्त्व’ थोडं कमी करा आणि काही पानं काल्पनिक कथांना द्या. बोलीत लिहिलेली कथा चालेल, लेखकाचं नाव न छापता दिलेलीही चालेल, असं सूचना फलकावर स्पष्ट लिहा. आणि सर, मॅडम, कथा हातात आल्यावर ‘हे तुझ्याच घरचं का रे?’ एवढं मात्र विचारू नका. ‘पुढे काय झालं?’ असं विचारा. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला पोरगं पुन्हा वही उघडेल.