घरच्या क्लासचे पहिले भांडवल

परवा संध्याकाळी दवाखान्यात बारा वर्षांचा एक मुलगा लंगडत आला. सोबत आई आणि त्याचे खो-खोचे ‘सर’. सर म्हणजे पंचविशीतला तरुण. स्वतः चांगला खेळाडू. नोकरी मिळेना, म्हणून घरामागच्या परड्यात मुलांना शिकवू लागला. सकाळ-संध्याकाळ दोन बॅचेस. मुलाच्या गुडघ्याखालचे हाड सुजून वर आले होते.

“महिनाभर दुखतंय, पण स्पर्धा जवळ आली म्हणून थांबवलं नाही,” आई म्हणाली.

“डॉक्टर, थोडं दुखल्याशिवाय खेळ येतो का?” सरांनी विचारले.

मी रागावणार, तोच सरांनी पिशवीतून एक कागद काढला. मुलाचे फिटनेस सर्टिफिकेट. खाली सही माझी! गर्दीच्या वेळी, गुडघ्याला हातही न लावता केलेली. मी गप्प बसलो. म्हणून आजचा लेख सर, पालक आणि माझ्यासारखे डॉक्टर अशा तिघांसाठी आहे.

घरी क्लास काढणे हा उद्योग चांगलाच आहे. मुले घराबाहेर पडतात, तरुणाला चार पैसे मिळतात. फी घेण्यात लाज कसली? आम्हीही घेतोच. पण बरेच जण आचरेकर सरांचे नाव सांगून मुलांकडून दिवसभर मेहनत करून घेतात. रमाकांत आचरेकर यांचा जन्म १९३२ चा, मालवणचा. तेव्हा मालवण आपल्याच जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. स्टेट बँकेत नोकरी करून त्यांनी शिवाजी पार्कवर मुले घडवली आणि १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळवला. सचिनला स्कूटरवर बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, हे सर्वांना ठाऊक आहे. आपण त्यातले सामने तेवढे लक्षात ठेवतो. सर स्वतः बरोबर असत, मुलाचा खेळ स्वतः पाहत, हे विसरतो. मेहनतीची नक्कल सोपी, नजरेची अवघड.

आता त्या गुडघ्याविषयी. मांडीच्या स्नायूची दोरी नडगीच्या हाडाला जिथे जोडलेली असते, तिथले हाड वाढत्या वयात कच्चे असते. उड्या, धावणे, बसणे-उठणे यांनी ते वारंवार ओढले गेले की सुजते. याला ‘ऑसगुड-श्लॅटर’ म्हणतात. आपल्याकडे जांभ्याची टणक जमीन. त्यावर धक्का अधिकच बसतो. खेळ कमी केला की हा आजार बहुधा बरा होतो. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलाची कंबर सतत दुखत असेल, तर मात्र मणक्याचे हाड चिरलेले असू शकते. तिथे अंगावर काढू नये.

क्लास काढणाऱ्याने जाळी, मॅट घेण्याआधी एक वही घ्यावी. प्रत्येक मुलाचे वय, वजन, पालकांचा फोन लिहावा. दमा आहे का? खेळताना छातीत दुखते का, चक्कर येते का? घरात कमी वयात कुणी अचानक गेले आहे का? हे विचारावे. एखाद्या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर आले, तर आधी डॉक्टर, मग मैदान.

मुलाचे जेवढे वय, आठवड्याला साधारण तेवढेच तास सराव, त्याहून जास्त नको, असा एक आडाखा आहे. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी हवीच. मे महिन्यात शिबिर घ्यायचे तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. दर वीस मिनिटांनी पाणी द्यावे. मीठ घातलेले कोकम सरबतही चालेल. मूल बरळू लागले किंवा तोल जाऊ लागला, तर सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि थेट रुग्णालय गाठावे.

पाय मुरगळला तर गरम तेलाने चोळू नये. पहिले दोन दिवस फडक्यात बर्फ बांधून पंधरा-वीस मिनिटे शेकावे. छाती दाबून हृदय चालू करण्याचे प्रशिक्षणही सरांनी घ्यावे. एका दिवसात शिकता येते.

पालकांनी फी विचारता तसे हेही विचारावे. सराव उघड्यावर असावा, दुसरे मोठे माणूस तिथे असावे, आणि मधूनमधून स्वतः जाऊन पाहावे. चांगल्या सरांना याचा राग येणार नाही.

त्या मुलाला मी काही आठवडे उड्या आणि धावणे बंद करायला सांगितले. “मग तो मागे पडेल,” सर म्हणाले. मी म्हटले, “मागे पडलेला पुढे येतो, मोडलेला येत नाही.” त्यांना ते पटले असावे, जाताना त्यांनी वहीत काय काय लिहायचे ते विचारून घेतले.

माझ्यापुरते मी एक ठरवले आहे. नुसता कागद घेऊन येऊ नका. मूल समोर नसेल, तर सही मिळणार नाही.