बघ्यांनी शेत तारलं, बघ्यांपायीच झाड पडलं

जपानच्या उत्तरेला होक्काइडो नावाचं बेट आहे. त्याच्या मध्यावर फुरानो आणि बिएई हा शेतकऱ्यांचा मुलूख. जुलैत तिथं लव्हेंडरची जांभळी शेतं फुलतात आणि ती बघायला देशोदेशीची माणसं लोटतात. पण ही ठिकाणं म्हणजे राजेरजवाड्यांचे महाल नव्हेत. ती कसणाऱ्यांची शेतं आहेत. यात्रेकरू नेमकं हेच विसरतो.

नाकाफुरानो गावचं ‘फार्म टोमिता’ बघा. तादाओ टोमिता यांनी १९५८ साली अत्तराच्या तेलासाठी लव्हेंडर लावलं. पुढं स्वस्त परदेशी तेल आणि कृत्रिम सुगंध आले. १९७० च्या दशकात कंपन्यांनी खरेदी बंद केली आणि भोवतालच्या शेतकऱ्यांनी लव्हेंडर मोडलं. टोमितांनी मात्र ते राखलं. १९७६ च्या रेल्वेच्या कॅलेंडरात त्यांच्या शेताचा फोटो छापून आला आणि लोक पत्ता शोधत येऊ लागले. मग सुक्या फुलांच्या पुरचुंड्या, साबण, अत्तर असा घरचा माल विक्रीला आला. शेत बघायला आजही तिकीट नाही. कमाई होते ती दुकानात. व्यापाऱ्यानं पाठ फिरवली, पण गिऱ्हाईक बांधावर आलं!

आता शेजारचं बिएई. गहू, बटाटा, साखरेचं बीट यांच्या फेरपालटीमुळं तिथल्या टेकड्या गोधडीसारख्या ठिगळाठिगळांच्या दिसतात. अशाच एका शेतात कललेला पॉप्लर होता. लोक त्याला ‘तत्त्वज्ञ झाड’ म्हणत. फोटोपायी माणसं थेट पिकात घुसू लागली. बुटांच्या मातीबरोबर रोग आणि सूत्रकृमी रानात येतात, ही शेतकऱ्याची खरी धास्ती. पाट्या लावल्या, विनवण्या झाल्या, उपयोग शून्य. शेवटी फेब्रुवारी २०१६ मध्ये मालकानं झाडच पाडलं. जानेवारी २०२५ मध्ये बिएईतलीच बर्च झाडांची एक नावाजलेली रांगही तोडावी लागली. पिकावर पडणारी सावली हे एक कारण होतं, बघ्यांची गर्दी हे दुसरं.

मंडळी, दोन्हीकडं पाहुणे तेच, मग फरक कुठं पडला? टोमितांच्या शेतात पाहुण्यासाठी वाट आखलेली आहे आणि त्याचा पैसा पिकवणाऱ्याच्या हाती पडतो. बिएईच्या झाडाचा फोटो फुकट गेला आणि तुडवलेलं पीक मालकाच्या वाट्याला आलं. फुकटचं कौतुक शेतकऱ्यानं किती दिवस सोसायचं?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की शेत दाखवायचं असेल तर वाट, वाहनतळ आणि कसणाऱ्याचा वाटा आधी ठरवा. हे काम एकट्या मालकाच्या पाटीनं होत नाही, त्याला गाव पाठीशी लागतं. आणि जो पाहुणा तिथं जाईल त्यानं बांधावरूनच बघावं. फुलं तिथूनही तेवढीच जांभळी दिसतात.